दोन वर्षं न विकला गेलेला नांगर

स्मरणिकेच्या मित्रांनी मला फर्मावलं की तू धंदेवाला आहेस, तेव्हा लहान व्यवसाय कसा करावा, माल कसा विकावा यावर चार उपयोगी गोष्टी लिही. मागच्या दिवाळीत भेटलो तेव्हा आपल्यापैकी तिघांनी मला बाजूला घेऊन हेच विचारलं होतं. एकाची बँकेतली नोकरी संपत आली आहे, एकीला घरच्या मसाल्यांचा व्यवसाय वाढवायचा आहे, तिसऱ्याच्या मुलाला नोकरी नको, स्वतःचं वर्कशॉप हवं आहे. सल्ला देण्याइतका मी मोठा नाही. शाळेत माझा नंबर कुठे असायचा हे तुम्हाला माहीतच आहे. म्हणून सल्ला देण्याऐवजी एका माणसाचा जीवनप्रवास सांगतो. मला जे थोडंफार कळलं ते त्याच्याकडून कळलं.

नववीतली सहल आठवते का? लाल एसटी ठरवून आपण किर्लोस्करवाडीला गेलो होतो. कारखान्यातल्या भट्टीची धग, पंपांच्या रांगा, आणि परतीच्या वाटेवर दोघांना लागलेली गाडी एवढंच बहुतेकांच्या लक्षात असेल. सर मात्र त्या दिवशी फाटकापाशी उभे राहून बराच वेळ सांगत होते की इथे एके काळी निवडुंग आणि नाग यांच्याशिवाय काही नव्हतं. मी मागच्या रांगेत होतो आणि माझं सगळं लक्ष डब्यातल्या चिवड्याकडे होतं. सर जे सांगत होते ते मला पुढे फार महागात शिकावं लागलं.

लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म 20 जून 1869 रोजी बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. घरात वातावरण वेदान्ताचं, धंद्याचं नव्हे. लक्ष्मणरावांचं मन शाळेच्या पुस्तकांत रमलं नाही. त्यांना दोन गोष्टींची ओढ होती, चित्रं काढण्याची आणि यंत्रं उघडून पाहण्याची. 1885 साली ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. तिथे लक्षात आलं की काही रंग आपल्या डोळ्यांना ओळखूच येत नाहीत. चित्रकार व्हायला निघालेल्या पोराला याहून मोठा धक्का कोणता? पण त्यांनी चित्रकलेतला रंग सोडला आणि रेषा धरून ठेवली. यंत्रांच्या आराखड्यांची ड्रॉइंग शिकले, आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये, तोच विषय शिकवायला लागले. तिथे यंत्रशाळा हाताशी होती. मास्तर म्हणून पगार घ्यायचा आणि उरलेल्या वेळात यंत्रांचा विद्यार्थी व्हायचं असं त्यांचं चाललं होतं.

याच काळात त्यांचा पहिला धंदा सुरू झाला, तो सायकलींचा. किर्लोस्कर उद्योग आपली सुरुवात 1888 पासून मोजतात ती या सायकलच्या दुकानापासून. लक्ष्मणराव मुंबईत सायकली खरेदी करून बेळगावला पाठवत आणि तिथे थोरले बंधू रामूअण्णा त्या विकत. आता त्या वेळचं बेळगाव डोळ्यांपुढे आणा. सायकल ही वस्तू लोकांनी पाहिलेली नाही, चालवता कुणाला येत नाही, किंमत भरपूर. अशी वस्तू दुकानात मांडून ठेवली तर येणारे-जाणारे थांबून बघतील, हसतील आणि पुढे जातील. रामूअण्णांनी सायकल विकलीच, शिवाय ती चालवायलाही शिकवली. शिकवण्याची फी वेगळी घेतली.

मला हा धडा फार मोलाचा वाटतो. नवी वस्तू घेताना गिऱ्हाइकाची अडचण नेहमी पैशांची नसते. ती वस्तू आपल्याला जमेल का, चारचौघांत आपलं हसू होईल का, ही भीती असते. त्या भीतीवर इलाज करणारा दुकानदार टिकतो. आपल्या मसालेवाल्या मैत्रिणीला मी एवढंच म्हणेन की नुसतं पाकीट विकू नकोस. त्या मसाल्यात आमटी कशी होते हे चार घरांत जाऊन करून दाखव. पाचव्या घरात तुझ्या आधी तुझं नाव पोचलेलं असेल.

मुंबईत लक्ष्मणरावांना बढतीची आशा होती. काम त्यांचं चोख होतं, पण जागा दुसऱ्याला दिली गेली, तीही गोऱ्या साहेबांच्या वर्तुळातल्या माणसाला. एकोणिसावं शतक सरत आलं होतं. त्यांनी राजीनामा दिला आणि बेळगाव गाठलं. राग येऊन नोकरी सोडणारे पुष्कळ असतात. लक्ष्मणरावांच्या बाबतीत लक्षात घेण्याची गोष्ट ही की ते मोकळ्या हातांनी निघाले नाहीत. बेळगावात दुकान चालू होतं, भाऊ पाठीशी होता, आणि नोकरीच्या वर्षांत हातांना यंत्राची सवय झाली होती. सायकलचं ते दुकान ज्या रस्त्यावर होतं त्याला आजही बेळगावात किर्लोस्कर रोड म्हणतात.

बेळगावात त्यांनी लहानसं वर्कशॉप घातलं. पहिलं यंत्र निघालं ते कडबा कापण्याचं. ही निवड साधी वाटते, पण नीट बघा. आख्खा कडबा जनावरांपुढे टाकला की निम्मा पायाखाली जातो. बारीक कापून घातला की वैरण पुरते. म्हणजे शेतकऱ्याला रोज दिसणारं नुकसान रोज वाचतं. मग त्यांनी हात घातला लोखंडी नांगराला, आणि इथेच खरी परीक्षा सुरू झाली.

आपल्याकडचा लाकडी नांगर जमीन उकरतो. लोखंडी नांगराचा फाळ खोल जातो आणि त्याचा वाकडा पंखा माती उचलून पालथी घालतो. खालची माती वर येते, हरळी-कुंद्याच्या मुळ्या उन्हात पडतात आणि मरतात. असे नांगर विलायतेहून येत, पण ते महाग, आणि मोडला तर सुटा भाग मिळण्याची पंचाईत. लक्ष्मणरावांनी ठरवलं की हा नांगर इथेच ओतायचा. बनवलाही. आणि शेतकऱ्यांनी घेतला नाही. लोखंड जमिनीत गेलं की जमिनीला विष चढतं, ती नापीक होते, असा पक्का समज होता. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षं लागली.

ही दोन वर्षं वाचताना आपण एका ओळीत ओलांडून जातो. धंदा केलेला माणूस तिथे अडतो. दोन वर्षं म्हणजे चोवीस पगार-तारखा. दोन वर्षं म्हणजे रोज सकाळी गाळ्याचं शटर उघडल्यावर समोर तोच न विकलेला माल, त्यावर चढलेला गंज, आणि येता-जाता विचारपूस करणारे नातेवाईक.

शेतकऱ्याला अडाणी म्हणून मोकळं होणं सोपं होतं. पण त्याच्या बाजूने विचार करून बघा. त्याच्याकडे जमीन एवढंच भांडवल. वर्षातून एकदा नांगरट. चुकली तर पुढचं वर्ष गेलं. लाकडी नांगर गावचा सुतार बलुत्यावर करून देतो, मोडला तर दुपारपर्यंत नीट करतो. आणि हा कोण एक शहरातून आलेला मास्तर लोखंडाचा नांगर रोख पैशांत घ्या म्हणतो. विषाचा समज खोटा होता, पण भीती खोटी नव्हती. ती जाहिरातीतल्या वाक्याने जात नाही, शेजारच्या रानात आलेलं पीक पाहून जाते. म्हणून पहिलं गिऱ्हाईक मिळायला दोन वर्षं लागली आणि पुढची गिऱ्हाइकं मात्र त्या पहिल्याकडे बघून आली.

आता माझी गोष्ट सांगतो, कारण तिच्याशिवाय लक्ष्मणरावांचं मोठेपण मला सांगता येणार नाही.

आयटीआय करून मी भाड्याच्या गाळ्यात वेल्डिंगचं काम सुरू केलं. गेट, ग्रिल, जिने, पत्र्याची शेड. पाच वर्षं बरं चाललं. मग डोक्यात शिरलं की हे काय काम आहे, आपलं स्वतःचं उत्पादन पाहिजे. आपला भाग हळदीचा. शिजवून वाळवलेली हळकुंडं लोखंडी जाळीच्या पिंपात घालून फिरवतात, घासून त्यांची साल निघते आणि ती पिवळी चमकायला लागतात. तो पॉलिशचा ड्रम मी करायचा ठरवला. पतसंस्थेचं कर्ज काढून एकदम सहा ड्रम बनवले. एकाचीही ऑर्डर हातात नव्हती. शिवाय गेट-ग्रिलची कामं घेणं बंद केलं. आता आपण मशिनरीवाले झालो, असा तोरा.

सहांपैकी दोन विकले गेले. दोन्ही महिन्याभरात परत आले. माझ्या ड्रममध्ये हळकुंडं तुटत होती, आणि तुटक्या मालाला बाजारात भाव नाही. मी शेतकऱ्यांनाच दोष दिला. तुम्ही जास्त भरता, तुम्हाला चालवता येत नाही. उरलेले चार ड्रम गाळ्यात पडून राहिले. चौदा महिने. बायकोच्या पाटल्या गहाण पडल्या. त्या वर्षी आपल्यातल्या दोघांच्या घरी लग्नं होती, मी एकाही लग्नाला आलो नाही. कामात होतो म्हणून नव्हे. आहेराचे पैसे नव्हते आणि काय चाललंय या प्रश्नाला उत्तर नव्हतं.

त्या दिवसांत वेळ घालवायला मी वाचनालयात जाऊन बसायचो. तिथे लक्ष्मणरावांच्या आयुष्यावरचं पुस्तक हाती लागलं. दोन वर्षं नांगर विकला गेला नाही, हे वाचून आधी धीर आला. चला, मोठ्या माणसांचंही असंच होतं. पण आणखी वाचल्यावर धीर गेला आणि शरम वाटली. कारण त्यांचं आणि माझं वाट पाहणं एक नव्हतं. नांगर पडून होता तेव्हा त्यांचं सायकलचं दुकान होतं, कडबा कापण्याची यंत्रं होती, मिळतील ती कामं ते घेत होते. घर नांगरावर चालत नव्हतं, म्हणून नांगराला थांबता आलं. मी मात्र चुलीवरचं भांडं उतरवून मग जळण शोधायला निघालो होतो.

तेव्हापासून मी एक गोष्ट मानतो, आणि या लेखात सांगण्यासारखी तीच एक गोष्ट आहे. लहान धंद्याचं खरं भांडवल पैसा नाही, वाट पाहता येणं हे आहे. नवी वस्तू लोकांच्या मनात उतरायला जेवढा वेळ लागायचा तेवढा लागतोच. तो वेळ संपेपर्यंत ज्याचं घर चालतं तो उद्योजक होतो. ज्याचं चालत नाही तो, वस्तू कितीही चांगली असो, भंगाराच्या भावाने मोकळा होतो. आणि वाट पाहणं म्हणजे बसून राहणं नव्हे. त्या वेळात वस्तू सुधारायची असते.

लक्ष्मणरावांची बेळगावात जरा घडी बसते तोच नगरपालिकेला गावाच्या वाढीसाठी ती जागा हवी झाली आणि वर्कशॉप हलवण्याची वेळ आली. यंत्रं, भट्टी, माणसं घेऊन जायचं कुठे? अशा वेळी औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी उभे राहिले. बाळासाहेब स्वतः चित्रकार होते. लक्ष्मणरावांनी औंधला देवळाच्या बांधकामाचं काम हाती घेतलं होतं आणि त्यांचं काम राजांनी जवळून पाहिलं होतं. त्यांनी कुंडल रोड स्टेशनजवळची 32 एकर माळजमीन दिली आणि दहा हजार रुपये बिनव्याजी कर्जाऊ दिले.

इथे आपल्यातले काही जण म्हणतील की आम्हाला कुठला राजा भेटणार. खरं आहे. लक्ष्मणरावांच्या वाट्याला जो आधार आला तो सगळ्यांच्या वाट्याला येत नाही, आणि तो नव्हताच असं म्हणणं खोटेपणा होईल. पण तो कसा आला हेही पाहावं. राजाने नांगर पाहून पैसे दिले नाहीत, माणूस कसा काम करतो ते पाहून दिले. देवळाचं काम नांगराच्या धंद्यात कुठे बसत नव्हतं. ते नीट केलं, म्हणून नांगराला माळ मिळाला.

मार्च 1910 मध्ये पंचवीसेक कामगार आपल्या बायकामुलांसह त्या माळावर आले. निवडुंग तोडायचा, नाग-विंचू सांभाळायचे, पाण्याची सोय करायची, तंबूत आणि पत्र्याखाली राहायचं, आणि त्याच वेळी कारखाना उभा करायचा. वस्तीची व्यवस्था रामूअण्णांनी अंगावर घेतली. बेळगावात सायकल शिकवणारा माणूस आता गाव वसवत होता. कुंडल रोड स्टेशनचं नाव पुढे किर्लोस्करवाडी झालं.

त्या माळावरची माणसं कोण होती हे मला सगळ्यात जास्त भावतं. शंभोराव जांभेकर यंत्रांचे मुख्य आधार झाले. मंगेशराव रेगे हिशेब बघायचे आणि वेळ पडली तर औषधपाणीही करायचे. अनंतराव फळणीकर शाळा अर्धवट सोडलेले, ते कल्पक यंत्रज्ञ निघाले. के. के. कुलकर्णी परीक्षांत यश न मिळालेले, ते व्यवस्थापक आणि अडचणीत धावून जाणारे. तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग हे दरोड्यासाठी शिक्षा भोगलेले, ते वाडीचे भरवशाचे राखणदार झाले. जातीची शिवाशीव वाडीत पाळायची नाही हा लक्ष्मणरावांचा दंडक होता. विद्वानांची फौज जमवून हा कारखाना उभा राहिलेला नाही. प्रगतिपुस्तकात ज्यांच्या नावापुढे लाल शाई होती अशांच्या हातून तो उभा राहिला. आपल्या वर्गातल्या मागच्या बाकांनी हे वाचून जरा ताठ बसायला हरकत नाही. आणि ज्यांना माणसं नेमायची आहेत त्यांनीही वाचावं. लहान धंद्याला तयार माणूस परवडत नाही आणि मिळतही नाही. माणूस तयार करावा लागतो.

पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि परदेशी मालाची आवक आटली. देशी नांगराला मागणी वाढली, पण कच्चं लोखंड, दगडी कोळसा, रंग यांचीही टंचाई झाली. वाडीत पर्याय शोधले गेले, जुनं लोखंड गोळा केलं गेलं, जळणासाठी लाकूड वापरलं गेलं. संधी आणि संकट एकाच गाडीतून येतात. दुसऱ्याकडे बघून रडत बसलं तर पहिली निघून जाते. नांगरामागोमाग उसाचे चरक आले, शेंगा फोडण्याची यंत्रं आली, पाण्याचे पंप आले. नीट पाहिलं तर ही सगळी यादी एकाच गिऱ्हाइकाची आहे. एकदा ज्या शेतकऱ्याच्या अंगणात पाय ठेवला, त्याच्याच पुढच्या अडचणी सोडवत ते गेले. नवी वस्तू जुन्या गिऱ्हाइकाला विकणं सोपं, नव्या गिऱ्हाइकाला जुनी वस्तू विकणं त्याहून अवघड, आणि नव्या गिऱ्हाइकाला नवी वस्तू विकणं सगळ्यात अवघड. मी सहा ड्रम केले तेव्हा हे तिसरं करत होतो.

1920 साली किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली, आणि त्याच वर्षी किर्लोस्कर खबर निघाली. आपल्या घरांत आई-आजीच्या काळात किर्लोस्कर, स्त्री, मनोहर ही मासिकं येत असत. त्यांचं मूळ नांगराच्या कारखान्यात आहे, हे किती जणांना ठाऊक आहे? लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव, म्हणजे शं. वा. किर्लोस्कर, चित्रकला शिकलेले. जाहिरातीचं काम त्यांच्याकडे आलं. त्यांनी कारखान्याची माहिती देणारं छोटं पत्र काढलं. हळूहळू त्यात कारखान्याबाहेरचं वाचनीयही येऊ लागलं. 1929 मध्ये खबर गळून नुसतं किर्लोस्कर उरलं, 1930 मध्ये स्त्री आणि 1934 मध्ये मनोहर आलं. यंत्राच्या गिऱ्हाइकासाठी निघालेलं पत्र अख्ख्या मराठी घराचं झालं.

आज सगळ्यांच्या हातात फोन आहे आणि रोज सकाळी शुभप्रभातबरोबर आपल्या मालाचे चार फोटो पाठवले की मार्केटिंग झालं असं आपण समजतो. खबरेचं मर्म वेगळं होतं. वाचणाऱ्याला त्यातून काहीतरी मिळायचं, मग तो पुढचा अंक उघडायचा, आणि विकणाऱ्याचं नाव आपोआप नजरेखालून जायचं. मी आता माझ्या गिऱ्हाइकांना महिन्यातून एकदाच निरोप पाठवतो. त्यात हळद कधी काढावी, किती शिजवावी, ड्रमच्या बेअरिंगला ग्रीस कधी भरावं एवढंच असतं. घ्या म्हणून एक अक्षर नसतं. फोन त्यामुळेच येतात.

1926 मध्ये वाडीत सेंट्रिफ्युगल पंप आणि डिझेल इंजिन तयार झालं. लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव अमेरिकेत एमआयटीत शिकून त्याच सुमाराला परतले होते. म्हणजे जुन्या हाताला नवी विद्या मिळाली. मग जागतिक मंदीत शेतमालाचे भाव कोसळले, शेतकऱ्याच्या हातात पैसा राहिला नाही आणि नांगरांची विक्री घटली. तेव्हा वाडीने शेताबाहेरची कामं शोधली, लोखंडी फर्निचरही केलं. पुन्हा तेच, मुख्य माल थांबला तर घर चालवणारं दुसरं काहीतरी. पुढे हरिहर, बंगळूर, पुणे असे कारखाने निघाले. 1948 च्या जाळपोळीत वाडीचं मोठं नुकसान झालं, त्यातूनही ती उभी राहिली. 26 सप्टेंबर 1956 रोजी लक्ष्मणराव गेले. 1969 मध्ये जन्मशताब्दीला टपाल खात्याने त्यांचं तिकीट काढलं.

माझ्या चार ड्रमांचं काय झालं ते सांगून थांबतो. पुस्तक परत केल्यावर दुसऱ्या दिवशी मी गेट-ग्रिलची पाटी पुन्हा लावली. पहिलं काम शाळेने दिलं. शाळेचं जुनं लाकडी फाटक कुजलं होतं. मुख्याध्यापक सरांनी मला बोलावून माप घ्यायला सांगितलं आणि निम्मे पैसे आगाऊ हातावर ठेवले. माझी अवस्था त्यांना कुणी सांगितली होती की नाही, हे मी कधी विचारलं नाही. त्या पैशांतून पतसंस्थेचे थकलेले हप्ते भरले आणि मला एक हंगाम मोकळा मिळाला.

त्या हंगामात मी एक ड्रम एका शेतकऱ्याच्या खळ्यावर फुकट ठेवला आणि आठ दिवस तिथेच बसलो. हळकुंडं का तुटतात ते तिसऱ्या दिवशी दिसलं. ड्रम जोरात फिरत होता आणि जाळीच्या सळ्या एकमेकींपासून लांब होत्या. दोष भरणाऱ्याचा नव्हता, माझा होता. वेग कमी केला, सळ्या जवळ घेतल्या. पुढच्या हंगामात तीन ड्रम गेले, त्यातला एक त्याच शेतकऱ्याच्या मेव्हण्याकडे. पाटल्या सोडवून आणायला आणखी दोन वर्षं लागली. आज माझ्याकडे सात माणसं आहेत. त्यातली चार दहावी नापास आहेत आणि माझ्यापेक्षा चांगलं वेल्डिंग करतात. गेट-ग्रिलची पाटी अजून आहे, ती मी काढणार नाही.

तेव्हा ज्या तिघांनी विचारलं होतं त्यांना एवढंच सांगतो. नोकरी सुटण्याआधी धंदा लहान प्रमाणात सुरू करा. ऑर्डर नसताना सहा नग बनवू नका, एक बनवा. तो वापरणाऱ्याच्या शेजारी बसून पाहा. तक्रार घेऊन आलेल्या माणसाला चहा पाजा, तो फुकट शिकवायला आलेला असतो. उधारीची वही दर शनिवारी उघडा. आणि घर चालवणारं साधं काम कमी प्रतीचं समजू नका.

सर, नववीच्या सहलीत तुम्ही फाटकापाशी जे सांगितलं ते मी ऐकलं नव्हतं. मेळाव्याला येताना सगळे शाळेच्या हिरव्या फाटकातून आत याल. उजवीकडचा पल्ला थोडा खाली लागतो. मी यायच्या आदल्या दिवशी हत्यारं घेऊन जाईन आणि तो नीट करून ठेवीन.